मेट्रन का झाला नाहीत?

"सिस्टर, इतकी वर्षं इनचार्ज आहात, मेट्रन का झाला नाहीत?" पेशंटचे नातेवाईक विचारतात, ट्रेनी मुली विचारतात, चवथीला, म्हणजे गणपतीत, घरी आलेले पाहुणेही सोडत नाहीत. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. अर्ज केला होता. घेतलं नाही.

दुसऱ्या एका खासगी हॉस्पिटलात नर्सिंग सुपरिंटेंडेंटची, म्हणजे मेट्रनचीच, जागा निघाली होती. डिचोलीहून सकाळची कदंब बस पकडून गेले. समोर तिघे. इन्फेक्शन कंट्रोल, औषधाची चूक झाल्यास काय करायचं, इथवर बरं गेलं. मग एका बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. "दर शिफ्टला तीन नर्स हव्यात. एकूण किती घ्याल?"

हिशेब अवघड नाही. एका जागेला दिवसाच्या तीन शिफ्ट, म्हणजे आठवड्याच्या 21 ड्युट्या. एक ऑफ धरला तर एकजण सहा करते. एका जागेला साडेतीन जणी, तीन जागांना साडेदहा. त्यावर इंडियन नर्सिंग काउन्सिल सांगते ते 30 टक्के लीव्ह रिझर्व्ह, म्हणजे रजांसाठीच्या जादा जणी, धरलं की 14. मी यातलं काहीच लिहिलं नाही. ताठ मानेने म्हणाले, "आम्ही नऊजणींत चालवतो."

"कसं?"

झालं, माझी गाडी सुटली. चवथीला आमच्या ख्रिस्ती मुली ड्युट्या ओढतात, नाताळला आम्ही. रोस्टर पेन्सिलीने लिहायचा, कारण कुणाचं मूल तापतं, कुणाच्या घरी गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायची राहिलेली असते. खोडरबर कायम माझ्या खिशात. आणि तरी एखादी ड्युटी रिकामी राहिलीच, तर तिथे माझं नाव.

"जादा स्टाफसाठी मॅनेजमेंटला पत्र दिलंत कधी?"

कधीच नाही. तोंडी रडगाणं मात्र दर महिन्याला.

नकाराचा मेल आला, दोन ओळींचा. आठवडाभर मी वशिल्याच्या नावाने बोटं मोडली. माझा जीएनएमचा डिप्लोमा, त्यांना बीएस्सीवाली हवी असणार, असंही म्हणून झालं. मग एका नाइटला, पहाटे वॉर्ड शांत असताना, जुने रोस्टर काढले आणि तीन महिन्यांत मी स्वतःच्या नावाने भरलेल्या ड्युट्या मोजल्या. सतरा! म्हणजे वरच्यांच्या लेखी वॉर्डात माणूस कमी नव्हतंच कधी. मीच ते दिसू दिलं नव्हतं.

चवथ-नाताळची अदलाबदलही लेखी हवी, असं त्या बाईंचं म्हणणं होतं. ते मला अजून पटत नाही. कागदावर आली की तिचा हक्क होईल, आणि मग भांडणं. असो.

पत्र दिलंय आता, पाच नर्ससाठी, 21 च्या हिशेबासकट. फाइल फिरतेय. यंदाच्या रोस्टरात चवथीचे दोन दिवस माझ्या नावापुढे रजा लिहिली आहे. पेनाने.