मायामी दोन आहेत! माझ्या कॉलेज फुटबॉल रँकिंगच्या शीटची प्रगती

मंडळी, अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा २०२४ चा सीझन अखेर शीटमध्ये भरून झाला. पद्धत वेस्ली कॉलीची, गणिताने रँकिंग काढायची: फक्त जिंकले की हरले आणि कोणाशी एवढंच बघायचं, किती गुणांनी ते नाही.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा मॅक कॉन्फरन्स (म्हणजे मुख्यतः आपसात खेळणाऱ्या छोट्या टीमचा एक गट) इतकी वर गेली की मीच हरखलो. मंगळवारच्या संध्याकाळी चालणाऱ्या त्यांच्या गेम मी बुधवारी पहाटे साडेपाचला चहा घेऊन बघतो, त्यामुळे जीव अडकलेला. नंतर लक्षात आलं, फ्लोरिडातल्या मायामीचे विजय मी मॅकमधल्या, ओहायोतल्या मायामीच्या खात्यात जमा केले होते. ओहायोवाले तर पहिले तिन्ही सामने हरलेले! दुरुस्तीत दोन रविवार गेले. आता प्रत्येक टीमला आकडी कोड दिलाय. तुम्ही आधीच द्या.

मग एक प्रयोग केला. मॅकच्या बाहेरच्या सगळ्या गेम काढल्या, आपसातल्या तेवढ्या ठेवल्या. कॉन्फरन्सची सरासरी आली बरोबर ०.५. परत काहीतरी चुकलं म्हणून कागद घेऊन सगळ्या समीकरणांची बेरीज मारली, तर चूक नव्हतीच. आपसात कोणीही कोणाला हरवा, एकाचं वाढतं तेवढंच बाकीच्यांचं घटतं. घरातल्या घरात उसनवारी. भर पडायची तर बाहेरूनच, आणि बाहेरच्या गेम बहुतेक सप्टेंबरमध्येच आटोपतात.

७ सप्टेंबर २०२४ घ्या. मॅकची नॉर्दर्न इलिनॉय १६, नोटर डेम १४. हरली ती देशातली पाचव्या क्रमांकाची टीम, तीही स्वतःच्या मैदानावर. या गेमसाठी नॉर्दर्न इलिनॉयला १४ लाख डॉलर मिळाले, म्हणजे यजमानांनी पैसे मोजून मार खाल्ला. या दोनच टीम धरल्या तर आकडे येतात ०.६२५ आणि ०.३७५. दोन आठवड्यांनी मॅकच्याच बफेलोने नॉर्दर्न इलिनॉयला ओव्हरटाइममध्ये २३-२० हरवलं. आता तिघांना धरा: बफेलो ०.६६७, नॉर्दर्न इलिनॉय ०.५, नोटर डेम ०.३३३. बफेलो नोटर डेमसमोर उभीसुद्धा राहिली नव्हती, तरी त्या विजयातला वाटा तिच्याकडे आला.

एपी या वृत्तसंस्थेच्या रँकिंगसाठी मत देणाऱ्या पत्रकारांनी काय केलं? नॉर्दर्न इलिनॉयला पंचविसावा नंबर दिला, बफेलोकडून हरल्यावर काढून घेतला, आणि बफेलोला काहीच दिलं नाही. कमावलेला मान वाटेतच गडप! मोठ्या कॉन्फरन्समध्ये असं झालं की 'काय तगडी कॉन्फरन्स आहे' म्हणतात. इथे पहिला विजयच नशिबाचा ठरतो.

मतदारांना हलवायचं तर एक धक्का पुरत नाही. १० सप्टेंबर २०२२ ला सन बेल्ट या दुसऱ्या छोट्या कॉन्फरन्सच्या तीन टीमनी एकाच दिवशी परक्या मैदानांवर नोटर डेम, टेक्सस ए अँड एम आणि नेब्रास्काला पाडलं, तेव्हा कुठे त्या कॉन्फरन्सचं नाव लोकांच्या तोंडी आलं. आणि २०१७ ची यूसीएफ (सेंट्रल फ्लोरिडा)? एकही गेम न हरता, प्लेऑफसाठी टीम निवडणाऱ्या समितीच्या शेवटच्या यादीत बारावी. सीझननंतरच्या बोल सामन्यात ऑबर्नला हरवल्यावर कॉलीच्या यादीत पहिली. समिती आणि शीट यांच्यात एवढी दरी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

सध्या २०२५ भरतोय आणि तिथे अडकलोय. सन बेल्टची जेम्स मॅडिसन लुईव्हिलकडून हरली, बाहेर एकही मोठा विजय नाही, तरी विजेतेपद ठरवणाऱ्या प्लेऑफच्या बारा टीममध्ये बसली. कारण त्या सीझनला पाच जागा रँकिंगमध्ये सर्वात वरच्या कॉन्फरन्स विजेत्यांना होत्या, आणि एसीसी ही मोठी कॉन्फरन्स जिंकलेल्या ड्यूकचे पाच पराभव झालेले, म्हणून ती मागे पडली. म्हणजे 'सप्टेंबरमध्येच काय ते होतं' हे माझं म्हणणं इथे लागू पडत नाही. विजेत्यांसाठी वेगळा रकाना काढलाय, त्याचं सूत्र अजून जमलेलं नाही. कोणी असं केलं असेल तर सांगा, तोवर मी अमेरिकन कॉन्फरन्सचा ऑक्टोबर भरायला घेतो.