रोज आठ सेकंद पुढे

माझं चावीचं घड्याळ रोज साधारण आठ सेकंद पुढे जातं. हे ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी माझ्याविषयी कीव दिसते, आणि घड्याळाची किंमत कळली की ती कीव माझ्या नवऱ्याकडे वळते. ‘अगं, स्टेशनबाहेर दोनशे रुपयांत मिळतं ते महिन्याला पंधरा सेकंद चुकतं, आणि तुझं हे दिवसाला आठ?’ युक्तिवाद बिनतोड आहे. त्या बॅटरीच्या घड्याळातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, माझ्या घड्याळाचा बॅलन्स, म्हणजे मागेपुढे झुलणारं चाक, सेकंदाला सहा ठोके देतो. ही शर्यत माझ्या लहानपणीच संपली होती.

पण मी रबाळ्याला एमआयडीसीतल्या एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या उपकरणांच्या चुका मोजायच्या आणि कागदावर लिहून द्यायच्या, हाच धंदा. आमच्याकडे कारखान्यांतले प्रेशर गेज येतात. एक टक्का चुकणारा गेज चांगला समजतात, स्टिकर लागतो आणि कंपनीचा माणूस खूश होऊन घेऊन जातो. आता दिवसाचे सेकंद ८६,४००. त्याचा एक टक्का म्हणजे ८६४ सेकंद, म्हणजे १४ मिनिटं २४ सेकंद! त्या गेजइतकंच ‘चांगलं’ पण मागे पडणारं घड्याळ मी हातात घातलं, तर ठाण्याच्या दहा नंबरवरून माझी रोजची गाडी सुटलेली असेल आणि बहुतेक तिच्यामागचीसुद्धा. दिवसाला आठ सेकंद म्हणजे दहा लाखांत जेमतेम ९३ भाग. एवढा नेमका गेज आमच्याकडे मास्टर म्हणून कपाटात कुलपाआड असतो.

दुसरं म्हणजे, कॅलिब्रेशन केलं की उपकरण बरोबर झालं, असं गिऱ्हाइकांना वाटतं. आम्ही काहीही बरोबर करत नाही. मास्टरशी ताडून बघतो आणि कुठे किती चुकतंय ते सर्टिफिकेटवर मांडतो. नेहमी तेवढंच आणि त्याच बाजूला चुकणारं उपकरण बिनधास्त वापरता येतं, तेवढी चूक वजा केली की झालं. आज इकडे आणि उद्या तिकडे करणारं मात्र कितीही महाग असलं तरी कामाचं नाही. चावीच्या घड्याळाबरोबर राहायचं तर त्याचा स्वभाव असा लिहून काढावा लागतो. मला ते आवडतं. सगळ्यांना आवडेल असं नाही.

घड्याळ नोमोस या जर्मन कंपनीचं, मॉडेल टांगेंटे. धाकटा भाऊ ड्रेस्डेनला चिपच्या कारखान्यात आहे. त्याने काही वर्षं वापरलं आणि मग ‘ताई, हे तुझ्याच मनगटाच्या मापाचं आहे’ म्हणून घरच्या भावात मला दिलं. व्यास ३५ मिलिमीटर, जाडी सातच्या आत. तबकडीवर बारीक काळे आकडे, एकाआड एक रेघा, निळे काटे आणि सहाच्या जागी सेकंदाची छोटी तबकडी. तारीख नाही, चमकणारं काही नाही. मागे काच आहे, त्यातून मशीन दिसतं: निळे स्क्रू, प्लेटवर तिरके पट्टे आणि सतत हेलकावणारा बॅलन्स.

ते ज्या गावात बनतं त्या ग्लासह्यूटेला भाऊ जाऊन आला. ड्रेस्डेनहून तासाभराच्या अंतरावर, अरुंद खोऱ्यातलं छोटं गाव. १८४५ मध्ये फेर्डिनांड अडॉल्फ लांगे या घड्याळजीने सॅक्सनी सरकारकडून कर्ज घेतलं आणि पंधरा पोरं हाताशी धरून तिथे घड्याळं करायला शिकवलं. पुढे दुसरं महायुद्ध झालं, मग पूर्व जर्मनीचं सरकार आलं आणि १९५१ मध्ये गावातले घड्याळांचे कारखाने एकत्र करून एकच सरकारी कारखाना केला. बर्लिनची भिंत पडल्यावर १९९० मध्ये रोलांड श्वेर्टनर यांनी नोमोस काढली. कंपनीचं ऑफिस गावाच्या जुन्या रेल्वे स्टेशनात आहे, हे ऐकून मला कंपनीविषयी उगाच आपुलकी वाटली. सुरुवातीला मशीन स्वित्झर्लंडहून यायचं, प्यझो ७००१ नावाचं. नंतर त्याच बांध्याचं स्वतःचं केलं, त्याचं नाव अल्फा. माझ्यात तेच आहे. १७ ज्वेल, म्हणजे चाकांची टोकं ज्यांत फिरतात ते खडे, आणि एका चावीत ४३ तास. आणि हापूसला जसं कोकणातलाच असण्याचं बंधन, तसं तबकडीवर ग्लासह्यूटे लिहायचं तर मशीनचं निम्म्याहून जास्त मोलाचं काम त्याच गावात झालेलं असावं लागतं.

सकाळी आंघोळ झाली की चावी, म्हणजे घड्याळाच्या कडेची गोल खुंटी फिरवायची. मनगटावर असताना द्यायची नाही, कारण तिथे बोटं तिरकी लागतात आणि चावीच्या दांडीवर आडवा जोर पडतो. हातात धरून अंगठा आणि तर्जनीने फिरवायची. आधी हलकी फिरते, मग जड होत जाते आणि एका जागी ठाम अडते. तिथे थांबायचं. ‘चावी जास्त झाली म्हणून बंद पडलं’ असं आपल्याकडे घरोघरी सांगतात, पण पूर्ण चावी दिल्याने काही होत नाही. अडल्यावरही जोर लावला तरच मोडतं. मनगटाच्या हालचालीने भरणाऱ्या ऑटोमॅटिक घड्याळात कमान, म्हणजे चावीने आवळली जाणारी स्प्रिंग, आतल्या आत घसरते, म्हणून तिथे असं अडणं लागत नाही. माझ्या लेकीला या विधीचं फार हसू येतं. ‘आई, चार्जिंग नको म्हणून एवढं कौतुक, आणि रोज सकाळी करतेस ते चार्जिंगच की!’ बरोबर आहे तिचं. फक्त चार्जर विसरायची सोय नाही.

आता ४३ तास चालतं तर रोज त्याच वेळी चावी कशाला? कारण कमान भरलेली असते तेव्हा बॅलन्स मोठे झोके घेतो, उतरत आली की लहान, आणि झोका लहान झाला की चालही थोडी बदलते. शेवटच्या काही तासांचा मला भरवसा नाही. दर चोवीस तासांनी भरलं की आपण नेहमी वरच्याच भागात राहतो.

खरी गंमत रात्री. घड्याळ उताणं, म्हणजे तबकडी वर करून ठेवलं, तर बॅलन्सच्या दांडीचं फक्त टोक खड्यावर टेकतं आणि घर्षण कमी होतं. उभं ठेवलं की दांडीच्या कडा घासतात, झोका लहान होतो, शिवाय बॅलन्समध्ये कुठे केसभर वजन जास्त असेल तर गुरुत्वाकर्षण तिथे बोट ठेवतं. म्हणून प्रत्येक स्थितीत चाल वेगळी. कंपनी सहा स्थितींत जुळवून देते, तरी फरक उरतोच. फोनच्या माइकवर ठोके ऐकून चाल दाखवणारं ॲप मिळतं. सगळे झोपल्यावर पंखा बंद करून (नवऱ्याचा निषेध नोंदवून) मी एकेक स्थिती मोजली आणि वहीत तक्ता केला. उताणं: दिवसाला आठ पुढे. चावी वर करून उभं: नऊ मागे. बाकीच्या मधल्या.

याचा उपयोग असा: रात्री चावी वर करून ठेवलं तर आठ तासांत तीन सेकंद परत मिळतात आणि रोजची वाढ आठवरून दोनवर येते. मशीनला हातही लावायचा नाही. मग रोजच का नाही ठेवत? कारण आमच्या घरात उभी ठेवलेली कुठलीही वस्तू सकाळपर्यंत उभी राहत नाही. उताणंच ठेवते, आणि रविवारी चावी बाहेर ओढून सेकंदकाटा थांबवते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेची वेळ फोनवर लावायची, साठचा आकडा आला की चावी आत ढकलायची. तिथल्या सीझियमच्या घड्याळांवर देशाची वेळ ठरते. आमच्या लॅबची सर्टिफिकेटंही शेवटी त्याच प्रयोगशाळेपाशी जाऊन टेकतात, त्यामुळे हा माझा रविवारचा ओव्हरटाइम.

बरोबर वेळ म्हणजे शेवटी सगळ्यांनी मान्य केलेली वेळ, हे मुंबई-ठाण्याच्या माणसांना तरी सांगायला नको. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाली, पण मुंबईने आपली वेगळी वेळ सोडली नाही. ती ३९ मिनिटं मागे होती आणि १९५५ पर्यंत या ना त्या रूपात टिकून होती. माझ्या आजीच्या लग्नपत्रिकेत मुहूर्ताच्या पुढे मुद्दाम ‘स्टँ. टा.’, म्हणजे स्टँडर्ड टाइम, छापलंय. नाहीतर निम्मं वऱ्हाड मंगलाष्टकं झाल्यावर पोचायचं.

उन्हाचा मात्र त्रास नाही. लॅबमध्ये मोजमापाची खोली वीस अंशांवर, बाहेर मे महिन्यात पस्तिशी ओलांडलेली. बॅलन्सला झुलवणारी केसासारखी बारीक स्प्रिंग म्हणजे हेअरस्प्रिंग. पूर्वीच्या पोलादी हेअरस्प्रिंगने एवढ्यात मिनिटांचा घोळ घातला असता. तापमानाला दाद न देणारे निकेल-पोलादाचे मिश्रधातू शार्ल एदुआर गियोम यांनी शोधले आणि त्यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आजच्या हेअरस्प्रिंग त्याच वाटेने आल्या आहेत.

खरा शत्रू चुंबक. एका सकाळी घड्याळ दोन मिनिटं पुढे होतं. आठ सेकंदांवाल्याने एकदम दोन मिनिटं मारली म्हणजे स्वभाव बदललेला नाही, बाहेरची बाधा आहे. लॅबमध्ये होकायंत्राजवळ नेलं तर सुई वळली. कारण पर्सच्या खटक्याचं बटण, त्यात चुंबक असतो आणि गर्दीत पर्स पोटाशी धरली की मनगट बरोबर त्यावर. हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले की स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ पळत सुटतं. आमच्याकडे स्लिप गेजचं, म्हणजे मापं ताडायच्या पोलादी ठोकळ्यांचं, चुंबकत्व काढायचं कॉइल आहे. घड्याळ त्यावर धरायचं, बटण दाबायचं आणि बटण दाबलेलंच ठेवून सावकाश हातभर लांब न्यायचं. संध्याकाळी पुन्हा आठ. पर्स लेकीला देऊन टाकली.

पावसाळ्याचं थोडक्यात. घड्याळ तीन बारपर्यंतच पाणी सोसतं, म्हणजे हात धुण्याइतपत. ठाण्याचा जुलै त्यात बसत नाही. जोराचा आला की झिपच्या पिशवीत घालून डब्याच्या पिशवीत. चामड्याचा पट्टा जूनमध्ये काढते आणि नायलॉनचा लावते, नाहीतर गणपतीपर्यंत चामड्यावर हिरवी बुरशी येते.

यंदा तक्त्यात वेगळंच दिसलं. उताणं आणि उभं यांतला फरक सतरा सेकंद असायचा, तो सव्वीसवर गेलाय. मनगटावर अजून रोज आठच, त्यामुळे वरवर सगळं ठीक. पण स्थितींमधली दरी रुंदावली म्हणजे तेल सुकत आलंय. आता सर्व्हिसिंग.

जांभळी नाक्याजवळ एका दुकानाच्या पायरीशी टेबल टाकून बसणारे काका आहेत, डोळ्याला भिंग लावून. त्यांना दाखवायला नेलं. आधी कानाशी धरलं, मग चावीला हात लावून म्हणाले, ‘ही तर आपली जनताच की हो, ताई.’ जनता म्हणजे एचएमटीचं चावीचं घड्याळ. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बेंगळुरूला कारखाना घातला, २०१६ मध्ये सरकारने घड्याळांचा धंदा बंद करायचं ठरवलं. पण काकांच्या पत्र्याच्या डब्यांत एचएमटी अजून जिवंत आहे. कमानी, दांड्या, काटे, सगळं पुड्यांत बांधून.

मग उलटं करून मागची काच भिंगाखाली घेतली आणि बराच वेळ बोललेच नाहीत. ‘ब्रिज कुठेयत?’ जनतात चाकांवर वेगवेगळे ब्रिज, म्हणजे चाकं वरून धरणाऱ्या पट्ट्या, असतात, एकेक बसवता येतो. ग्लासह्यूटेची पद्धत वेगळी, मशीनचा पाऊण भाग झाकणारी एकच प्लेट. ती बसवताना खालच्या चाकांची केसाएवढी टोकं एकाच वेळी आपापल्या खड्यांत जायला हवीत. एक जरी तिरकं राहिलं आणि स्क्रू आवळला, की मोडलं.

‘करू शकाल?’ मी विचारलं.

‘करीन. पण एखादं टोक मोडलं तर आणू कुठून? या डब्यांत त्याचं काही नाही.’ भिंग काढून त्यांनी घड्याळ माझ्या तळहातावर ठेवलं. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र घेतला.

भाऊ डिसेंबरात येतोय, जाताना घेऊन जाईल. नवरा म्हणतो, तेवढ्यात दुसरं एखादं क्वार्ट्झचं घालून बघ, सवय होईल. काकांना कळवलं तर म्हणाले, ‘पाठवा. पण परत आलं की घरी नेण्याआधी इकडे आणा. तेल किती घातलंय ते मला बघायचंय.’