हातात चार्जर

परवा रात्री मीटर रूममधून धूर निघाला आणि सगळी बिल्डिंग खाली धावली. एक वायर जळाली होती, बाकी काही नाही. लोक हसत-खिदळत वर गेले. मी काय घेऊन उतरले होते, ते मात्र डोक्यातून जात नाही. चार्जर. फोन वरच. ह्यांनी चिनूचा हात धरला होता... त्यावर आज नको.

समोरच्या काकू रिकाम्या हातांनी आल्या आणि पायरीवर डोळे मिटून बसल्या. नंतर विचारलं, काहीच नाही घेतलं? म्हणाल्या, "चष्मा घेतला की. पायऱ्या दिसायला नकोत?"

मी रोज सकाळी दहा मिनिटं देवापुढे बसते. 'सगळं तुझंच आहे' म्हणते, आणि मनापासून म्हणते असा माझा समज होता. धूर दिसला तेव्हा देव आठवलाच नाही. इतक्या वर्षांचं ते बसणं गेलं कुठे? काल दिवसभर स्वतःचीच कीव येत होती. आई असती तर... जाऊ दे.

रात्री झोप येईना, म्हणून पुन्हा अशी वेळ आली तर काय घ्यायचं याची यादी करायला बसले. १९३१ साली गोलमेज परिषदेला जाताना फ्रान्समधल्या मार्सेय बंदरातल्या कस्टमवाल्यांना गांधीजींनी आपलं सामान तोंडी सांगितलं होतं. चरखे, तुरुंगातली भांडी, बकरीच्या दुधाचा डबा, पंचे-टॉवेल आणि स्वतःची अब्रू, तिची काही फार किंमत नसावी म्हणे. (चरखे सहा होते. सहा कशाला, हे मला कधीच कळलेलं नाही.) मला टेबलाचा एक खणसुद्धा तोंडी सांगता येईना. उघडला तर तीन बंद घड्याळं, कुलपं हरवलेल्या किल्ल्यांचा जुडगा, आणि घरात नसलेल्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड. यादी सतराव्या ओळीवर गेली तेव्हा कागद पालथा घातला.

आज सकाळी तो चार्जर फोनला लावायला गेले तर पिन बसेना. जुन्या फोनचा निघाला. तो फोन तर कधीच देऊन टाकला होता.

मग देवापुढे बसले. डोळे मिटले, तर पहिला चार्जरच समोर. हसू आवरेना. चिनू दारातून विचारत होती, आई, एकटीच काय हसतेस?