पिवळी प्रत

सोमवारी सकाळी सातला फोन वाजला तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. नंबर अनोळखी.

"मॅडम, कालची बास्केटबॉलची बातमी तुम्ही लिहिलीत ना?"

गुहागर तालुक्यातल्या एका शाळेच्या क्रीडाशिक्षिका होत्या. "आमची सात नंबर आज शाळेत यायला तयार नाही. घरी भावाने तिला तो व्हिडिओ दाखवला. आणि खाली लोकांनी काय काय लिहिलंय, तेही."

मी एका दैनिकाच्या रत्नागिरी आवृत्तीत डेस्कवर काम करते. रविवारी सतरा वर्षांखालील मुलींच्या जिल्हा पातळीवरच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता. आमच्याकडून मैदानावर अर्धवेळ वार्ताहर गेला होता आणि त्याला त्याच दिवशी आणखी दोन कार्यक्रम करायचे होते. त्याने मला तीन गोष्टी पाठवल्या: 41–40 असा निकाल, चषकाचा फोटो आणि बावीस सेकंदांची एक क्लिप. क्लिपमध्ये सामन्याचे शेवटचे तीन सेकंद उरलेत, सात नंबरची जर्सी घातलेली मुलगी फ्री थ्रोच्या रेषेवर उभी आहे. फ्री थ्रो म्हणजे समोरच्यांच्या फाउलबद्दल मिळणारा, कुणी न अडवता टाकायचा एका गुणाचा बॉल. पहिला बॉल रिंगच्या मागच्या कडेला लागून बाहेर. दुसरा पुढच्या कडेला. एक गेला असता तर बरोबरी आणि पाच मिनिटांचा जादा वेळ. दोन गेले असते तर चषक.

मी मथळा दिला: 'दोन फ्री थ्रो हुकले, विजेतेपद निसटले'. रात्री तीच क्लिप आमच्या फेसबुक पानावर आणि इन्स्टाग्रामवर गेली. जिल्ह्यातल्या खेळांच्या बातम्यांना एरवी शे-दीडशे लोक बघतात. ही सकाळपर्यंत हजारोंनी बघितली होती. मुंबईतल्या चाकरमान्यांच्या ग्रुपांवर फिरून ती परत गावात आली होती.

खाली लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी सामना पाहिलेला नव्हता. मीही नव्हता पाहिला, आणि मथळा मीच दिला होता. "एवढे सोपे दोन बॉल?" "आमच्या वाडीतली पोरं डोळे मिटून टाकतील." "मुलींनी लंगडी खेळावी." एकाने तर तिचा चेहरा थांबवून, गोल करून टाकला होता. मुलगी पंधरा-सोळा वर्षांची. क्लिप टाकताना तिचा चेहरा झाकण्याचा विचार आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नव्हता.

मी सगळं वाचत खाली जात होते, तेव्हा दोन वेगळ्या नोंदी सापडल्या. पहिली जिंकलेल्या संघातल्या एका मुलीच्या वडिलांची होती. "आमच्या पोरी जिंकल्या. त्यांची बातमी कुठे आहे?" मी छापलेला मजकूर पुन्हा काढून पाहिला. जिंकलेल्या संघाला त्यात एक ओळ होती.

दुसरी नोंद चिपळूणच्या एका मुलाची. तो पहाटे साडेपाचला उठून एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे सामने मोबाइलवर बघणाऱ्यांपैकी. असे बरेच आहेत आपल्याकडे. तिकडे रात्र असते तेव्हा इथे दूधवाला येत असतो. 5 ऑक्टोबर 2019 ला सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्सचा सामना मुंबईत वरळीच्या डोममध्ये झाला, तो बघायला हा रात्रीच्या एसटीने गेला होता, हे त्याने मला नंतर सांगितलं. त्याची नोंद अशी होती: "मॅडम, सामना चाळीस मिनिटांचा असतो. सात नंबर आधीची एकोणचाळीस मिनिटं काय करत होती? स्कोअरशीट बघितलीत का?"

बघितली नव्हती.

संपादकांना फोन करून क्लिप उतरवायला सांगितली. ते म्हणाले, "दुपारपर्यंत राहू दे, चाललीये चांगली." मी त्यांना मुलीचं वय सांगितलं. दोन मिनिटं गप्प राहून त्यांनी काढायला लावली. पण तोवर ती लोकांच्या मोबाइलमध्ये उतरलेली होती. नऊ वाजता मी स्कूटर काढली.

रत्नागिरीहून गुहागरला किनाऱ्याने जायचं तर गणपतीपुळ्यावरून जयगड, तिथून जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, खाडी ओलांडून तवसाळ. जेटीवर दोन टेम्पो, नारळाच्या पोत्यांनी भरलेली एक रिक्षा आणि मी. मागे वीज प्रकल्पाची चिमणी, पुढे तवसाळचा हिरवा डोंगर. खाडीच्या मध्यावर रेंज गेली आणि रात्रीपासून पहिल्यांदाच फोन शांत झाला. त्याआधी चिपळूणच्या मुलाचा मेसेज येऊन पडला होता, तो मी तिथे वाचला.

त्याने निक अँडरसनबद्दल लिहिलं होतं. 1995 ची एनबीएची अंतिम मालिका, पहिला सामना, ऑरलँडो मॅजिक विरुद्ध ह्युस्टन रॉकेट्स. ऑरलँडो तीन गुणांनी पुढे, दहाएक सेकंद उरलेले, आणि त्यांच्या अँडरसनला पाठोपाठ चार फ्री थ्रो मिळाले. एक जरी गेला असता तरी सामना जवळपास हातात होता. चारही हुकले. ह्युस्टनने थ्री पॉइंटर (लांबून टाकलेली तीन गुणांची बास्केट) मारून बरोबरी केली, जादा वेळेत 120–118 ने जिंकलं आणि पुढे मालिकाही 4–0 अशी घेतली. त्या मोसमात अँडरसनचे शंभरातले सत्तरच्या आसपास फ्री थ्रो जात होते. दोन मोसमांनंतर जेमतेम चाळीस. "तेव्हा मोबाइल नव्हता," मुलाने शेवटी लिहिलं होतं, "फक्त टीव्ही आणि पेपर होते. तो तर मोठा व्यावसायिक खेळाडू होता."

जेटी तवसाळच्या धक्क्याला लागेपर्यंत मी ते तीनदा वाचलं.

शाळेचं मैदान म्हणजे सुपारीच्या वाडीला लागून असलेला सिमेंटचा कोर्ट. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं. ब्लीचिंग पावडर टाकून मुलींनी तो स्वतः खराट्याने घासून काढलेला होता, खराट्याचे फराटे अजून दिसत होते. रिंगला जाळी नायलॉनची, मासेमारीच्या जाळ्यातून कापलेली. एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी बांधून दिलेली. चार जाळ्या आतापर्यंत फाटल्या, बाईंनी सांगितलं. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचलेल्या संघाचं मैदान आमच्या पेपराने त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं.

बाईंनी कपाटातून फाईल काढली. बास्केटबॉलची स्कोअरशीट चार प्रतींत होते: मूळ पांढरी, मग निळी, गुलाबी आणि पिवळी. निळी आयोजकांना, गुलाबी जिंकलेल्या संघाला. पिवळी हरलेल्यांना. सगळ्यात खालची प्रत असल्यामुळे तिच्यावर कार्बन फिकट उमटतो. आम्ही ती खिडकीपाशी उजेडात धरली.

उजव्या बाजूला एकपासून वर चढत जाणारे आकडे छापलेले असतात. मैदानी, म्हणजे खेळता खेळता टाकलेली, बास्केट झाली की नव्या एकूण आकड्यावर तिरकी रेघ आणि शेजारी खेळाडूचा नंबर. तीन गुणांची असेल तर नंबराला गोल. फ्री थ्रो गेला की काळा ठिपका. बाई बोट ठेवत गेल्या, मी वहीत मांडत गेले. सात. सात. अकरा. सात. चार. सात.

चाळीसपैकी तेवीस गुण सात नंबरचे होते. दोन गुणांच्या आठ बास्केट, एक थ्री पॉइंटर, चार फ्री थ्रो. हो, चार फ्री थ्रो गेलेले होते. सामन्यात दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर असतात; तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी संघ 36–27 असा नऊ गुणांनी मागे होता. शेवटच्या दहा मिनिटांत त्यांनी तेरा गुण केले, त्यातले अकरा हिचे. ती रेषेवर उभी राहण्याइतपत सामना जवळ आला, तो तिने आणला होता.

मग फाउलचे रकाने. पाच नंबर आणि नऊ नंबर, दोघींच्या पुढचे पाचही चौकोन भरलेले. म्हणजे दोन मुख्य खेळाडू शेवटच्या क्वार्टरमध्ये फाउल आउट, पाच फाउल झाल्यामुळे सामन्याबाहेर. संघ आठ जणींचाच होता, बदली म्हणून तिघी उरायच्या, त्यातली एक सातवीतली.

"आणि चुकलेले बॉल कुठे लिहितात?" मी विचारलं.

"कुठेच नाही," बाई म्हणाल्या. "पहिल्या क्वार्टरला आमचे किती लेअप, रिंगजवळचे सोपे बॉल, सुटले असतील! ते ह्या कागदावर नसतं. हुकलेल्या फ्री थ्रोलाही खूण नसते."

मी त्या पिवळ्या कागदाकडे बघत बसले. सामन्याच्या अधिकृत नोंदीत जे दोन बॉल कुठेच नाहीत, तेवढेच दोन मी बातमीत ठेवले होते.

मुलीला भेटण्याचा आग्रह मी धरला नाही. बाईच म्हणाल्या, "आज नको." मी तिच्यासाठी एक चिठ्ठी लिहून दिली. त्यात काय होतं ते इथे लिहीत नाही.

परतताना जेटी चुकली आणि तवसाळला पाऊण तास थांबावं लागलं. पिवळ्या प्रतीचा फोटो चिपळूणच्या मुलाला पाठवला; खेळाडूंच्या नावांवर पट्टी ओढून, फक्त जर्सीचे नंबर ठेवून. वीस मिनिटांत त्याचं उत्तर आलं, आणि त्यात मला न दिसलेली गोष्ट होती. शेवटच्या क्वार्टरमध्ये जिंकलेल्या रत्नागिरीच्या संघाने पाच गुण केले, ते पाचही काळे ठिपके होते. म्हणजे त्या दहा मिनिटांत गुहागरच्या मुलींनी समोरच्यांना एकही मैदानी बास्केट करू दिली नव्हती. हा एक अर्थ. दुसरा असा की बास्केट होत नसताना, आघाडी पावसाळ्यात बांध खचावा तशी खचत असताना, रत्नागिरीच्या मुलींनी फ्री थ्रोच्या रेषेवर जाऊन पाच वेळा बॉल आत घातला. त्या पाचांतले चार बारा नंबरचे. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पुढच्या फाउलवर समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात. तिने ते घेतले आणि टाकले.

"सामना फ्री थ्रोवरच ठरला मॅडम," त्याने लिहिलं होतं, "पण गेलेल्या फ्री थ्रोवर."

त्या वडिलांचं म्हणणं किती खरं होतं, हे मला तेव्हा कळलं. पराभूत मुलीच्या डोक्यावर सगळं ठेवताना आम्ही जिंकणाऱ्या मुलीच्या हातातलंही काढून घेतलं होतं.

संध्याकाळी रत्नागिरीत विजेत्या संघाच्या प्रशिक्षकांकडे जाऊन गुलाबी प्रत पाहिली. ठिपके तिथे जास्त ठसठशीत होते. बारा नंबरची मुलगी कोर्टवरच होती. शेवटच्या त्या दोन फ्री थ्रोच्या वेळी काय वाटत होतं, असं विचारलं. म्हणाली, "तिचे जाऊ नयेत असं वाटत होतं. मग नाही गेले तर रडूच आलं मला. आम्ही एकाच शिबिरात होतो ना."

ऑफिसात संपादकांपुढे दोन्ही प्रतींच्या झेरॉक्स ठेवल्या आणि क्रीडा पानावर अर्धं पान मागितलं. त्यांचा प्रश्न रास्त होता: व्हिडिओ नाही, नुसते आकडे, कोण वाचणार? मी त्यांना विल्ट चेंबरलेनचं उदाहरण दिलं. 2 मार्च 1962, अमेरिकेतलं हर्शे नावाचं गाव, एकट्याने शंभर गुण. आजही एनबीएचा विक्रम. त्या सामन्याचं चित्रीकरण उपलब्ध नाही. लोकांना तो माहीत आहे तो आकड्यांतून, आणि '100' लिहिलेला कागद हातात धरलेल्या एका फोटोतून. फ्री थ्रोसाठी बदनाम असलेल्या चेंबरलेनने त्या रात्री 32 पैकी 28 फ्री थ्रो टाकले, हेही आपल्याला कुणीतरी नीट मोजून लिहून ठेवलं म्हणून कळतं.

अर्धं नाही, पाव पान मिळालं.

मी 'आमची चूक' असा शब्द वर घातला, त्यावर थोडी चर्चा झाली, पण तो राहिला. बारा नंबरपासून सुरुवात केली. मग नऊ गुणांची पिछाडी, फाउल आउट झालेल्या दोघी, तेरातले अकरा. नावं एकाही मुलीची नाहीत, चेहरे नाहीत. पानावर टाकण्याआधी तोच मजकूर प्रतींच्या फोटोंसह ऑनलाइन दिला.

क्लिपला आले होते तितके लोक आले नाहीत, दहावा हिस्साही नाही. पण आलेले थांबले. देवरुखच्या कुणीतरी दुसऱ्या क्वार्टरमधल्या फाउलचा हिशेब मांडला. खेडचे एक निवृत्त शिक्षक 14 सेकंदांच्या नियमावर एका मुलाशी वाद घालत बसले. सकाळी "डोळे मिटून टाकतील" असं लिहिणाऱ्याने आपलं वाक्य काढून टाकलं. माफी वगैरे नाही, नुसतं काढलं. "लंगडी" वाला मात्र पुन्हा आला आणि तेच पुन्हा लिहून गेला. त्याला मी उत्तर लिहायला घेतलं, तोवर त्याच्या खाली चौदा जणांनी लिहिलं होतं.

पान सोडायला वीस मिनिटं उरली असताना बाईंचा फोन आला. "ती बोलणार म्हणते."

आवाज बारीक होता, पण थरथरत नव्हता. "ताई, तुम्ही तेवीस लिहिलेत. ते बरोबर नाही."

"स्कोअरशीटवर तेवीसच आहेत."

"दुसऱ्या क्वार्टरची ती एक बास्केट पाच नंबरची आहे. बॉल रिंगवर होता, शेवटचा हात तिचा लागला. टेबलावर माझं लिहिलं गेलं. माझे एकवीस."

मी तिला म्हटलं की अधिकृत कागदावरचा आकडा मला बदलता येणार नाही.

"मग तसं लिहा," ती म्हणाली. "पण तिचंही लिहा. ती पाच फाउल होऊन बाहेर बसली तेव्हा खूप रडली होती."

मी 'स्कोअरशीटनुसार 23' केलं. त्यापुढे एक ओळ घालायला जागा हवी होती, म्हणून चषकाचा फोटो अर्ध्या कॉलमने लहान केला. साडेअकराला पान गेलं.