वहीतली खाडाखोड

मी मराठवाड्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. नोव्हेंबर २०२१ मधला एक दिवस माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

घरोघरी जाऊन कोविडची लस द्यायची ‘हर घर दस्तक’ मोहीम चालू होती. दिवाळी नुकतीच झालेली आणि वस्तीवरच्या टोळ्या ऊसतोडीला निघायच्या तयारीत. मुकादमाची उचल घेतलेली असते. एकदा ट्रॅक्टर हलला की ती माणसं पाच-सहा महिने हाती लागत नाहीत. त्यामुळे दोन दिवसांत वस्ती उरकायचीच, असं मी आणि आशाताईंनी ठरवलं होतं. पहाटे आईस पॅक फ्रीजरबाहेर काढून ठेवले होते. हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मगच ते लसीच्या डब्यात, कॅरिअरमध्ये, भरायचे. घाई केली तर लस गोठते आणि गोठलेली लस फेकून द्यावी लागते. हे मी कुणावर सोपवत नाही.

त्या दिवशी वस्तीवर गेलो तर दारं बंद. ज्या घरात एरवी चहाशिवाय सोडत नाहीत, तिथून ‘घरी कोणी नाही’ असा आवाज आला.

लसीतून अंगात चिप घालतात, हे खूळ आम्हाला नवीन नव्हतं. जूनमध्ये नाशिकच्या एका काकांच्या अंगाला चमचे आणि नाणी चिकटतात असा व्हिडिओ फिरला. लसीचा त्याच्याशी काही संबंध नाही असं सरकारनं जाहीर केलं, पण व्हिडिओ घरोघरी पोचला तसा खुलासा पोचला नाही. आमच्या लोकांकडे तर त्याहून पक्का पुरावा होता. सुई टोचली की थोड्या वेळात मोबाईल वाजतो, मग आतल्या यंत्रानं कळवल्याशिवाय तो वाजेल कसा? मी माझा फोन त्यांच्या हातात द्यायचे आणि सांगायचे, हे बघा, मी इथं बोट दाबते तेव्हा मेसेज जातो, सुईचा काही संबंध नाही. डोळ्यांनी बघितलं की बहुतेकांना पटायचं.

यादीत पुढचं नाव एका मावशींचं होतं. पहिला डोस जुलैच्या सुरुवातीला, दोन डोसमधले ८४ दिवस कधीच उलटलेले, दुसरा बाकी. मी म्हटलं, “मावशी, तुमचा दुसरा राहिलाय.”

“राहिलाय कुठं? तुमच्याच हातचा घेतला की ओ सिस्टर. शाळेत.”

मी कॅरिअर खाली ठेवला. मावशी हळू आवाजात पुढे म्हणाल्या, “ह्यांचा बी झाला म्हनं.”

त्यांचे मालक मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत वारले होते. एप्रिलमध्ये त्यांनी पहिला डोस घेतला होता. ऑक्टोबरमध्ये एका रात्री दहाच्या सुमाराला पुण्यात कामाला असलेल्या त्यांच्या मुलाच्या मोबाईलवर मेसेज आला, वडिलांना दुसरा डोस यशस्वीपणे दिला गेला आहे, प्रमाणपत्र उतरवून घ्या. मुलानं तो काकांना पाठवला आणि काकांनी सगळ्या वस्तीला दाखवला. काका, म्हणजे मावशींचे दीर, तिथंच उभे होते. म्हणाले, “सिस्टर, तुम्ही बोट दाबता म्हनून मेसेज जातो ना? मानूस जाळून पाच महिने झाले. रात्री दहाला कुनी दाबलं बोट?”

मावशी रागावलेल्या नव्हत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, “त्यांच्या अंगात घातलेलं अजून चालू हाय का?”

मला बोलताच आलं नाही.

स्कूटीवर उपकेंद्रात जाऊन मी वही घेऊन आले. ती वही कुणी मागितलेली नव्हती, ती माझी सवय आहे. शाळेतल्या शिबिरात रेंज नसायची. वहीत नाव, मोबाईल नंबर, आधारचे शेवटचे चार आकडे आणि बॅच लिहायची, सही किंवा अंगठा घ्यायचा आणि रात्री घरी गच्चीवर जाऊन एकेक नोंद कोविनवर, म्हणजे सरकारच्या लसनोंदणीच्या पोर्टलवर, चढवायची. ऑक्टोबरमध्ये ‘मिशन कवच कुंडल’ या लसीकरण मोहिमेचा आठवडा होता. दिवसभर टोचायचं, रात्री टायपिंग. मदतीला ऑपरेटर मागितला तर मिळाला नाही. सकाळच्या व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये मात्र प्रत्येक गावाची टक्केवारी विचारली जायची. चूक किती झाली, हे एकदाही कुणी विचारलं नाही.

कोविनवर एका मोबाईल नंबरावर चार माणसं नोंदवता यायची. वस्तीवर शिकलेल्या पोराचा एकच नंबर सगळ्या घराला. नंबर टाकला की चारही नावं एकाखाली एक येतात, इंग्रजीत. मावशींच्या नावाची सुरुवातीची अक्षरं मालकांच्या नावासारखीच, आणि मधलं नाव तर मालकांचंच. दिवसभराच्या कामानंतर माझं बोट एक ओळ वर पडलं. मालकांच्या पहिल्या डोसला ८४ दिवसांहून जास्त झालेले, त्यामुळे ॲपनं अडवायचं काही कारणच नव्हतं. मृत्यूची नोंद ग्रामसेवकांच्या दप्तरात, लसीची आमच्याकडे, आणि दोन्हींची गाठ कुठंच पडत नव्हती.

ओट्यावर बसून मी वही उघडली. मावशींचा अंगठा होता. शाई थोडी पसरलेली, पुढे तारीख आणि बॅच नंबर. खालच्या-वरच्या ओळीतल्या शेजारणींनीही आपापले अंगठे ओळखले. मी सगळ्यांसमोर सांगितलं की रात्री दहाला बोट मी दाबलं, चूक माझी आहे. मावशींना सांगितलं, “मालकांच्या अंगात काही नव्हतं. अर्धा मिली औषध होतं, ते कधीच विरून गेलं.” त्या ओळीपुढे ‘नोंद चुकून पतीच्या नावे झाली’ असं लिहून सही केली, तारीख टाकली.

दिरांनी वही हातात घेतली आणि बराच वेळ बघितली. मग म्हणाले, “वहीत चुकलं तर खाडाखोड दिसती. कुनी केली, कवा केली, तेबी दिसतं. तुमच्या मोबाईलात खाडाखोड कुठं दिसती?”

दिरांच्या फोनमध्ये चिपचा एक व्हिडिओही होता, तो खोटा होता. त्यात बिल गेट्सचा फोटो आणि एका पट्टीचं चित्र होतं. मी नंतर माहिती काढली. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी गेट्स फाउंडेशनच्या पैशातून एक प्रयोग केला होता आणि तो डिसेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. बारीक सुयांच्या पट्टीनं लसीबरोबर कातडीखाली एक रंगद्रव्य सोडायचं. ते डोळ्यांना दिसत नाही, खास बदल केलेल्या मोबाईलच्या कॅमेऱ्यानंच दिसतं. त्यात चिप नाही आणि ते कुठलाही संदेश पाठवत नाही. उंदरांवर करून बघितलं होतं, आणि कोविडच्या लसीत तर ते नव्हतंच. हे का केलं, ते वाचून मला त्या लोकांविषयी आपुलकी वाटली. जिथं मुलांच्या लसीच्या नोंदी राहत नाहीत, तिथं नोंद मुलाबरोबरच राहावी म्हणून. ऊसतोडीच्या कोपीतून, म्हणजे झोपडीतून, परत आलेल्या बाळाचं कार्ड पावसात भिजून लगदा झालेलं मी किती वेळा हातात घेतलंय! गोवरचा डोस झाला की नाही, हे आई नुसतं आठवून सांगते. त्या संशोधकांना पडलेला प्रश्न आमच्या दारातला आहे, आणि त्याच्यावरूनच आमच्या दारात भीती आली.

पण दिरांचा प्रश्न व्हिडिओतला नव्हता. त्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

दुपारी दारं उघडली. मी लसीची कुपी, म्हणजे व्हायल, फोडली. एका व्हायलमध्ये दहा डोस, आणि फोडल्यापासून चार तासांत संपवायची. नऊ जणांनी घेतली, त्यांतल्या चार बाया दुसऱ्या दिवशी टोळीबरोबर जाणार होत्या. प्रत्येकाचं नाव मोठ्यानं वाचलं, स्क्रीन त्यांच्यापुढे धरली आणि मगच बोट दाबलं. दहावा डोस मी दिरांसाठी राखून ठेवला. ते समोरच बाजेवर बसून होते, उठले नाहीत. चार तास झाले, व्हायल बंद केली.

चूक दुरुस्त करणं तर त्याहून अवघड निघालं. माझ्या लॉगिनमधून एकदा दिलेली नोंद मागे घेता येत नव्हती. मी लेखी कळवलं, फोन केले. वरून उत्तर आलं की मावशींचा डोस त्यांच्या नावे आज टाकून द्या. टाकला. त्यामुळे त्यांच्या प्रमाणपत्रावर नोव्हेंबरची तारीख आहे आणि सुई ऑक्टोबरची. जानेवारी २०२२ मध्ये लाभार्थ्याच्या खात्यातून चुकीचा डोस रद्द करायची सोय आली. मुलानं पुण्यातून ओटीपी टाकून अर्ज केला, काही दिवसांत वडिलांच्या नावावरचा दुसरा डोस गेला. आता त्यांच्या नावापुढे फक्त पहिला दिसतो. मधे चूक झाली होती, ती कुणी केली आणि कधी काढली, हे त्या पानावर कुठंच नाही. ते फक्त माझ्या वहीत आहे.

जून २०२३ मध्ये बातमी आली की टेलिग्रामच्या एका बॉटवर मोबाईल नंबर टाकला की कोविनवरची माहिती दिसते. पोर्टल सुरक्षित आहे आणि बातम्या निराधार आहेत असं आरोग्य मंत्रालयानं सांगितलं. पुढे एकाला अटकही झाली. बातमी आली त्या संध्याकाळी दिरांचा फोन आला होता. “ऐकलं का सिस्टर?” एवढंच म्हणाले. मी म्हटलं, “ऐकलं.” दोघंही थोडा वेळ फोन धरून होतो.

आता बाळांच्या लसी यू-विनवर, म्हणजे कोविनसारख्याच दुसऱ्या पोर्टलवर, चढवतो. तिथंही मोबाईल नंबर लागतो, ओटीपी लागतो, आणि गावात ओटीपी म्हटलं की बँकेतले पैसे जातात एवढंच लोकांना माहीत, तेही काही खोटं नाही. गेल्या महिन्यात दीर दीड महिन्याच्या नातवाला घेऊन आले. सून बाळाला मांडीवर घेऊन बसली. मी फोन हातात घेतला तसे ते म्हणाले, “आधी कार्डावर.”

मी कार्डावर तारीख लिहिली. त्यांनी कार्ड उजेडाकडे धरून बाळाचं नाव बोटानं एकेक अक्षर वाचलं, सुनेला दाखवलं. मग खिशातून फोन काढला आणि ओटीपीचे आकडे सांगायला लागले.