परक्या फौजेच्या भरवशावरची गादी

१६ ऑगस्ट

कालच्याच तारखेला, २०२१ साली, काबूल पडलं. वीस वर्षं अमेरिकी फौजेच्या आधारानं टिकलेल्या अफगाण सरकारचे राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी देश सोडून गेले आणि रात्र पडायच्या सुमारास तालिबानची माणसं त्यांच्या टेबलाशी बसलेली जगानं पाहिली. तेव्हापासून एक प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. एखाद्या देशातलं सरकार लाचखाऊ आहे, मतं चोरून निवडून आलेलं आहे, हे पुरतं ठाऊक असताना त्याला टिकवून धरण्यासाठी दुसऱ्या देशानं आपले सैनिक तिथं ठेवावेत का? माझं उत्तर ‘ठेवू नयेत’ असं आहे. पण ते उत्तर सहज निघत नाही, फार दुखतं. का दुखतं ते आज लिहून काढायचं ठरवलं आहे.

माझ्या मते या प्रश्नाचा निकाल २०२१ मध्ये नव्हे, २००९ मध्येच लागला होता. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अध्यक्षपदाची निवडणूक झाली. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हमीद करझाई यांच्या बाजूनं इतकी खोटी मतं पडली, की तक्रारी तपासणाऱ्या आयोगाला त्यांची जवळजवळ एक तृतीयांश मतं बाद करावी लागली. ते ५० टक्क्यांच्या खाली आले, फेरमतदान ठरलं. समोरचे उमेदवार अब्दुल्ला अब्दुल्ला यांनी ‘हीच माणसं पुन्हा मतदान घेणार असतील तर अर्थ नाही’ अशा भूमिकेतून माघार घेतली आणि करझाई विजयी ठरले. संयुक्त राष्ट्रांच्या काबूलमधल्या मिशनचे उपप्रमुख पीटर गॅलब्रेथ हे गैरप्रकार उघड करा म्हणून आग्रह धरत होते. त्यांनाच पदावरून काढलं गेलं.

त्याच नोव्हेंबरात काबूलमधले अमेरिकी राजदूत कार्ल आयकेनबेरी यांनी वॉशिंग्टनला गुप्त तारा पाठवल्या. हा माणूस मुळात सेनाधिकारी, अफगाणिस्तानातल्या अमेरिकी फौजेचा आधीचा प्रमुख. करझाई हे भरवशाचे भागीदार नाहीत, आणखी सैन्य पाठवलं तर अफगाण सरकार आपल्यावर जास्तच विसंबून राहील आणि स्वतःचा भार उचलण्याचा दिवस लांबेल, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. पुढं जानेवारीत त्या तारा फुटल्या आणि सगळ्यांनी वाचल्या. पण त्याआधीच, १ डिसेंबरला ओबामांनी आणखी ३० हजार सैनिक पाठवायची घोषणा करून टाकली होती.

मला राग येतो तो इथं. काय चाललं आहे हे सांगणारी माणसं होती, ती मोठ्या जागेवर होती, त्यांनी लेखी सांगितलं होतं. करझाईंवर खरा दाब आणता येईल असा तो एकच क्षण होता. ‘आधी निवडणूक नीट करा, मग सैन्य’ असं म्हणता आलं असतं. सैनिक पोचल्यावर हातात काय उरतं? ज्याला रोज वाचवायचं, त्याला धमकी कशी देणार?

आणि तो भ्रष्टाचार साधासुधा नव्हता. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या २००९ च्या यादीत १८० देशांत अफगाणिस्तान १७९ वा होता, खाली फक्त सोमालिया. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आणि गुन्हेगारीविषयक कार्यालयानं जानेवारी २०१० मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. वर्षभरात अफगाण लोकांनी अडीच अब्ज डॉलर लाच दिली होती, म्हणजे देशाच्या एकूण उत्पन्नाच्या जवळजवळ पाव हिस्सा. ही लाच बड्या ठेक्यांतली नाही. दाखला, वीजजोडणी, कोर्टाची तारीख, रस्त्यावरचा पोलीस, यांना सामान्य माणसानं खिशातून काढून दिलेली.

मी शिकवत होते त्या काळात पुण्यात अफगाण मुलं पुष्कळ असत, भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर आलेली. हेरातकडचा एक मुलगा एकदा म्हणाला होता, ‘मॅडम, आमच्याकडे जमिनीचा वाद कोर्टात नेला तर दोन्ही बाजूंकडून पैसे घेतात आणि निकाल लागत नाही. तालिबानचा काझी दुपारपर्यंत निकाल देतो.’ त्याच्या घरच्यांना तालिबान अजिबात नको होते, पण त्यांना त्यांची जमीन हवी होती. मी कितीतरी अहवाल वाचले, पण सरकार लोकांच्या मनातून कसं उतरतं हे त्या मुलाइतकं स्वच्छ कुणी सांगितलं नाही.

पोलिसांच्या पगाराची गोष्ट तर कुणालाही सांगावीशी वाटते. २००९ मध्ये वर्दक प्रांतात काही पोलिसांचा पगार रोखीनं न देता थेट मोबाइलवर पाठवायचा प्रयोग झाला. पैसे आले तेव्हा काही शिपायांना वाटलं, आपला पगार वाढला. वाढला नव्हता. आधी वरचे अधिकारी मध्येच कापून घेत होते, आणि त्या गरिबांना आपला खरा पगार किती हेच माहीत नव्हतं. अशा शिपायानं कुणासाठी गोळी झेलायची? तरीही हजारोंनी झेलली.

मग काबूल बँक. शिपायांचे, पोलिसांचे, शिक्षकांचे पगार या बँकेतून होत. तिच्या चालकांनी खोट्या नावांनी कर्जं काढली आणि ठेवीदारांचे ९० कोटी डॉलरांहून अधिक पैसे आपापसांत वाटून घेतले. त्यातून दुबईत समुद्रकाठी बंगले घेतले गेले. भागधारकांत राष्ट्राध्यक्षांचा एक भाऊ होता आणि उपराष्ट्राध्यक्षांचाही. २०१० च्या सप्टेंबरात बँकेच्या दारात पैसे काढणाऱ्यांच्या रांगा लागल्या. त्याच उन्हाळ्यात करझाईंच्या कार्यालयातल्या मोहम्मद झिया सालेही या अधिकाऱ्याला लाचेच्या प्रकरणात अटक झाली होती, आणि करझाईंच्या हुकमानं तो त्याच दिवशी सुटला होता. पुढं अमेरिकी वर्तमानपत्रांत आलं, की त्याला सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेकडूनच पैसे मिळत. अमेरिकेचा एक हात पकडतोय, दुसरा पोसतोय.

खुद्द अमेरिकी फौजेची रसद पोचवायचा दोन अब्ज डॉलरांहून मोठा ठेका होता. ट्रक अफगाण ठेकेदारांचे आणि रस्ते स्थानिक सरदारांचे. ट्रक सुखरूप जावेत म्हणून त्या सरदारांना पैसे द्यावे लागत. जून २०१० मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीनं चौकशीअंती म्हटलं, की त्यातला काही पैसा तालिबानपर्यंतही पोचत असावा. म्हणजे सैनिकाच्या जेवणाचा डबा त्याच्यापर्यंत येताना वाटेत त्याच्यावर रोखलेल्या बंदुकीचे पैसे चुकते करून येत होता. एखाद्या आईला हे कसं सांगायचं?

हे सगळं वाचताना मला दुसरा बाजीराव आठवतो, आणि तो उगाच आठवत नाही. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह झाला. इंग्रजांची कायमची तैनाती फौज आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख, असा तो व्यवहार. मे १८०३ मध्ये इंग्रजी संगिनींच्या आडोशानं बाजीराव पुण्यात परतला. मग त्याला ना सरदारांची गरज उरली ना रयतेची. मामलती, म्हणजे मुलखाचा महसूल गोळा करायचे अधिकार, जास्त बोली लावणाऱ्याला जाऊ लागल्या, आणि बोलीचा पैसा मामलेदार शेतकऱ्याच्या घरातून वसूल करू लागला. अफगाणिस्तानात पोलीसप्रमुखाच्या जागा अशाच विकल्या जात, आणि विकत घेणारा नाक्यानाक्यावर वसुली करी.

टॉमस मन्रो या इंग्रज अधिकाऱ्यानं हे फार आधी ओळखलं होतं. त्यानं १८१७ मध्ये गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला लिहिलं, की हिंदुस्थानात वाईट राज्यकर्ता एक तर राजवाड्यातल्या उलथापालथीनं जातो, नाही तर बंडानं, नाही तर परचक्रानं. पण आपली फौज आत आणि बाहेर दोन्हीकडून त्याचं रक्षण करते, त्यामुळे लोकांना सुटकेची वाटच राहत नाही. पुढच्याच वर्षी या मन्रोनं सोलापूर घेतलं, तेव्हा तो काही आपला हितचिंतक नव्हता. पण त्याचं म्हणणं खरं होतं, आणि दोनशे वर्षांनी काबूललाही जसंच्या तसं लागू पडलं. परकी फौज राज्यकर्त्याला त्याच्या लोकांच्या रागापासून वाचवते. जो राग त्याला सुधारायला लावू शकला असता, तोच राग मग दुसरीकडे वळतो. अफगाणिस्तानात तो तालिबानकडे वळला.

आता दुखणाऱ्या भागाकडे येते.

सैन्य होतं म्हणून मुली शाळेत जात होत्या, हे खरं आहे. मी ते नाकारू शकत नाही. आज तिथं सहावीनंतर मुलींना शाळा नाही, डिसेंबर २०२२ पासून विद्यापीठही नाही. अडीच हजार अमेरिकी सैनिक ठेवले असते तर हे टळलं असतं, असं म्हणणाऱ्यांपुढं मला गप्प बसवत नाही, पण त्यांच्याशी भांडतानाही हात थरथरतो. काबूल पडायच्या आधीच्या वर्षभरात अमेरिकी सैनिक लढाईत मरत नव्हते, याचं कारण अमेरिका आणि तालिबान यांच्यातला फेब्रुवारी २०२० चा दोहा करार. तालिबान त्यांच्यावर हल्ले करत नव्हते, अफगाण शिपायांवर करत होते. करार मोडून अमेरिकी थांबले असते तर अडीच हजारांनी भागलं नसतं. पुन्हा फौजा, पुन्हा ठेके, पुन्हा तेच ट्रक आणि तेच सरदार. मुलींच्या शाळेचं रक्षण करायचं तर त्या शाळेच्या शिक्षिकेचा पगार खाणाऱ्यालाही रक्षण द्यायचं, हा सौदा वीस वर्षं चालला आणि त्याच्या शेवटी शाळाही गेली.

निघणं बरोबर होतं असं मी म्हणते. पण निघाले ते ज्या तऱ्हेनं, त्याला क्षमा नाही. दोह्यात अफगाण सरकारला बोलावलंही नव्हतं, आणि पाच हजार तालिबानी कैदी मात्र त्याच सरकारनं सोडायचे असं ठरलं. अफगाण विमानं दुरुस्त करणारे परदेशी तंत्रज्ञ काढून घेतले, तेव्हा ती जमिनीवर बसली. आणि वर बायडेन म्हणाले, की अफगाण सैन्य लढायला तयार नाही. वीस वर्षांत ६६ हजारांहून अधिक अफगाण शिपाई आणि पोलीस मारले गेले आहेत. कागदावर तीन लाखांचं दल होतं आणि त्यातले कितीतरी केवळ पगारपत्रकावर होते, हे खरं. पण जे होते ते कापला गेलेला पगार आणि अपुरा दारूगोळा घेऊन लढले. ज्यांनी त्यांना लुटणाऱ्यांना सांभाळलं, त्यांनी त्यांना भित्रं म्हणू नये.

१८ ऑगस्ट

परवा एक बाजू लिहायची राहिली, आपली.

अफगाणिस्तानात लढायला भारतानं सैन्य पाठवलं नाही. आपण झरंज ते देलाराम रस्ता बांधला, काबूलची संसद बांधली, हेरात प्रांतात सलमा धरण पुरं करून २०१६ मध्ये सुपूर्द केलं. मला यात शहाणपण दिसतं. धरणाचं पाणी सरकार बदललं म्हणून आटत नाही. संसद रिकामी झाली, पण तो हेतू तरी कुणाच्या गादीचा पहारेकरी होण्याचा नव्हता.

पण माणसांच्या बाबतीत आपण कमी पडलो. काबूल पडल्यावर दहा दिवसांत भारत सरकारनं अफगाण नागरिकांना आधी दिलेले व्हिसा रद्द केले आणि नव्यानं ई-व्हिसा काढायला सांगितलं. सुट्टीत घरी गेलेली, इथल्या महाविद्यालयांत नाव असलेली मुलं तिकडेच अडकली. त्यांत मुली होत्या, ज्यांना आता तिथं वर्गात बसायलाच बंदी आहे. सुरक्षेची काळजी मी समजू शकते. कागद तपासा, चौकशी करा, पण सगळ्यांना एकाच फटक्यात दाराबाहेर ठेवणं बरोबर नव्हतं.

अमेरिकेनं काय करायला हवं होतं यावर मी पानं भरली. आपल्याला करता येण्यासारखं काम याहून कितीतरी लहान आहे. ज्या मुलींचं शिक्षण अर्ध्यावर तुटलं, त्यांना इथल्या विद्यापीठांनी जुन्याच नोंदणीवर परत घ्यावं आणि व्हिसाच्या रांगेत त्यांचे अर्ज सगळ्यात आधी बघावेत. आमच्या भागाच्या खासदारांना हे पत्र लिहायला घेतलं आहे. मजकूर मराठीत आहे, अफगाण मुलींना शिकवलेल्या इतर शिक्षकांच्या सह्याही त्यावर घ्यायच्या आहेत. उद्या फोन करायला सुरुवात करते.