पार्ट टू ऑर्डरचा नंबर नसेल तर रेकॉर्ड ऑफिसला जाऊ नका

"एकदा समक्ष जाऊन ये, दिवसभरात काम होतं." रेकॉर्ड ऑफिसबद्दल, म्हणजे जिथे आपल्या नोकरीचे कागद राहतात त्याबद्दल, हे मला सांगणारा आमच्याच पलटणीतला. तो पेन्शनच्या कामाला गेला होता आणि त्याचं काम खरंच संध्याकाळपर्यंत झालं होतं. पण पेन्शनचं काम वेगळं आणि डिस्चार्ज बुकात, म्हणजे घरी येताना मिळणाऱ्या नोकरीच्या पुस्तिकेत, न चढलेल्या मेडलचं काम वेगळं. पेन्शनची फाइल चालू असते, रोज कुणीतरी ती उघडतं. मेडलची नोंद पंचवीस-तीस वर्षांमागच्या कागदात असते, किंवा नसते. आणि नसली तर तुम्ही खिडकीसमोर उभे राहिल्याने ती उगवत नाही.

मी कुठल्या रेकॉर्ड ऑफिसला गेलो ते लिहीत नाही. नाव घेतलं की सगळे त्या ऑफिसवरच घसरतात, आणि पद्धत सगळीकडे साधारण सारखी आहे. नव्यांसाठी एवढंच: मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, रणगाडावाल्यांचं अहिल्यानगरला, महार रेजिमेंटचं सागरला, सिग्नलचं जबलपूरला, दुरुस्ती-देखभालवाल्या ईएमईचं सिकंदराबादला. नौदलाच्या सेलर मंडळींचं मानखुर्दला, हवाई दलाचं दिल्लीत सुब्रोतो पार्कला. आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात मेडल चढत नाही. ते अर्ज पुढे पाठवतात, आणि कव्हरिंग लेटर चांगलं देतात. ते जरूर घ्या.

माझी भानगड अशी. भरती 1984 ची, हवालदार म्हणून 2008 ला घरी आलो. डिस्चार्ज बुकात सैन्य सेवा मेडल आहे, ऑपरेशन विजय मेडल आहे, स्वातंत्र्याच्या पन्नाशीचं आहे, 9 वर्षांचं आहे. 20 वर्षांचं लाँग सर्व्हिस नाही. आणि भारतीय शांतिसेनेतून श्रीलंकेत राहून आलो, त्याचं स्पेशल सर्व्हिस मेडल, श्रीलंका क्लास्प (रिबनवरची नावाची पट्टी), तेही नाही. शांतिसेना 1987 च्या जुलैत गेली आणि 1990 च्या मार्चमध्ये शेवटची तुकडी परत आली. त्यातला बराच काळ मी तिकडे होतो, पण पलटणीबरोबर नव्हतो. ब्रिगेड हेडक्वार्टरला अटॅच होतो. मेडलचा नॉमिनल रोल, म्हणजे नावांची यादी, बनवताना पलटणीला वाटलं ब्रिगेडवाले याचं नाव घालतील, ब्रिगेडला वाटलं याची पलटण घालेल. बस्स. ज्यांची मेडलं राहिलीत त्यांना विचारा, दहातले बरेचसे अटॅचमेंट, कोर्स, हॉस्पिटल किंवा पोस्टिंगच्या मधल्या काळातले निघतील.

प्रवासाचं फारसं सांगण्यासारखं नाही. स्लीपरने गेलो, झोप झाली. माजी सैनिकाला रेल्वेत भाड्याची सवलत नाही. पास मिळतो तो शौर्य पदकांतल्या चक्रवाल्यांना, परमवीर चक्र ते शौर्य चक्र. उतरायला सैनिक विश्रामगृह बघा, माजी सैनिकाचं ओळखपत्र दाखवलं की खोली मिळते, स्वस्त आणि स्वच्छ. स्टेशनबाहेरच्या लॉजच्या नादी लागू नका.

आता खरा त्रास. मेन गेट ते खिडकी.

रिक्षावाल्याने स्टेशनपासून गेटपर्यंतचे दोनशे मागितले. परत येताना दुसरा सत्तर रुपयांत आला. डोक्याला फेटा आणि हातात फाइल बघितली की भाव चढतो, तेव्हा स्टेशनच्या आवारातून रिक्षा धरू नका, बाहेर रस्त्यावर या. रिक्षा गेटच्या आत जात नाही. आतलं अंतर चालायचं. फौजीला दोन-तीन किलोमीटर म्हणजे काही नाही, हे मी गृहीत धरतो. ज्याचे गुडघे गेलेत त्याने मुलाला सोबत न्यावं आणि दोघांचं आधार कार्ड न्यावं, नाहीतर मुलगा गेटवर बसून राहील.

गेटसमोर चहाच्या टपरीला लागून टायपिंगवाला बसतो. मी फाइल काखेत धरून उभा होतो, एवढ्यात पठ्ठ्या म्हणाला, "मेडल या पेन्शन?" मेडल म्हटल्यावर त्याने खुर्ची पुढे केली. फॉर्म भरून देतो, आत आपला माणूस आहे, आठशे रुपये. मी दिले नाहीत. माझ्या पुढच्या सुभेदार साहेबांनी दिले. आत गेल्यावर कळलं की असा काही फॉर्मच नाही. साध्या कागदावर हाताने लिहिलेला अर्ज चालतो: आर्मी नंबर, रँक, नाव, पलटण, भरती आणि डिस्चार्जची तारीख, कोणतं मेडल, कोणत्या काळासाठी, तेव्हा कुठल्या युनिटमध्ये आणि कुठे अटॅच होतात, पत्ता, मोबाइल. आणि आतला माणूस? आत जो माणूस आहे तो पगारी क्लार्क आहे, सुभेदार साहेबांचा कागद त्याने माझ्याइतकाच वेळ बघितला. आठशे रुपये फुकट गेले. साहेब आर्टिलरीतले नव्हते, पण आवाज तोफेचा होता. अख्ख्या रांगेने ऐकलं.

पास बनवायला वेळ लागतो. फोन गेटवर जमा करावा लागतो, तेव्हा फोनमध्ये काढलेले कागदाचे फोटो आत काहीच कामाचे नाहीत. झेरॉक्स बाहेरून करून घ्या. आत झेरॉक्सवाला नाही आणि एक पान राहिलं तर परत गेट, परत पास. मी सकाळी गेट उघडताना उभा होतो आणि खिडकीला पोहोचेपर्यंत जेवणाची सुट्टी लागली. तो मधला वेळ झाडाखाली बसून काढला. दुपारी निघून चार वाजता पोहोचू असा हिशोब करत असाल तर सरळ दुसऱ्या दिवशी जा.

खिडकीवरचा क्लार्क विशीतला. ऑपरेशन पवन, म्हणजे श्रीलंकेतली आमची मोहीम, झालं तेव्हा त्याच्या वडिलांचं लग्न झालं असेल की नाही, शंका आहे. पण मुलगा सरळ होता. त्याने डिस्चार्ज बुक घेतलं, मेडलचा रकाना बघितला आणि विचारलं, "साहेब, पार्ट टू ऑर्डरचा नंबर?" मी म्हटलं, तो तुमच्याकडे असायला हवा. तो म्हणाला, आमच्याकडे चढलेला असता तर बुकातही चढला असता.

हे नीट समजून घ्या, म्हणजे माझ्यासारखी पायपीट होणार नाही. तुमच्या नोकरीतली प्रत्येक घटना, म्हणजे रजा, कोर्स, बढती, हॉस्पिटल, मेडल, युनिट पार्ट टू ऑर्डरमध्ये छापतं. ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथे तुमच्या शीट रोलमध्ये, म्हणजे नोकरीच्या नोंदपत्रात, चढते. डिस्चार्ज बुक बनतं ते शीट रोलवरून. रेकॉर्ड ऑफिस स्वतःहून कुणाला मेडल देत नाही, आणि तुमच्या तोंडच्या शब्दावर तर मुळीच नाही. त्यामुळे प्रश्न दोनच. ऑर्डर छापली गेली होती आणि चढवायची राहिली, की ऑर्डर छापलीच गेली नाही? पहिलं असेल तर काम सोपं. दुसरं असेल तर युनिटकडून क्लेम, म्हणजे मेडलची लेखी मागणी, यायला लागतो, आणि युनिट आज कुठे आहे, सियाचीनला की सिलिगुडीला, हे तुम्हाला कोण सांगणार.

माझं 20 वर्षांचं पहिल्या प्रकारातलं निघालं. शीट रोल उघडला, ऑर्डर तिथे होती, बुकात उतरवायची राहिली होती. त्या मुलाने लाल शाईने नोंद केली, अधिकाऱ्याची सही आणि गोल शिक्का. तेवढ्यापुरता मी खूश होतो, आणि त्या भरात बाहेर येऊन सुभेदार साहेबांना चहा पाजला.

श्रीलंकेचं दुसऱ्या प्रकारातलं. नॉमिनल रोलमध्ये नाव नाही, क्लेम नाही, ऑर्डर नाही. मी घरून आंतर्देशीय पत्रं नेली होती, बायकोने ट्रंकेत जपून ठेवलेली, फील्ड पोस्ट ऑफिसचे शिक्के असलेली. एका पत्रात नारळ, पाऊस आणि पगार एवढंच लिहिलंय, पण शिक्क्यावरची तारीख स्पष्ट वाचता येते. क्लार्कने आदराने बघितली आणि परत दिली. पत्र पुरावा होत नाही. मग मात्र त्याने स्वतःच शीट रोलची पानं उलटली आणि एका जागी बोट ठेवलं: हॉस्पिटल ॲडमिशन, मलेरिया, तारीख, हॉस्पिटलचं नाव, पार्ट टू ऑर्डर नंबर. मला तिकडे मलेरिया झाला होता. मेडलची ऑर्डर कुणी छापली नाही, पण तापाची छापली! मी त्या काळात त्या मुलखात होतो, याचा सरकारी कागद तोच. पत्रांचा उपयोग इतकाच झाला की कोणत्या महिन्यांची पानं बघायची ते सांगता आलं.

म्हणून माझा पक्का निकाल. जाण्याआधी घरी बसून माहिती अधिकारात अर्ज टाका. रेकॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाने, 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून. मागायचं काय ते मोघम लिहू नका. "माझी मेडलं का दिली नाहीत" असं लिहिलंत तर एका ओळीचं उत्तर येईल. माझ्या शीट रोलची साक्षांकित प्रत, अमुक ते अमुक काळातल्या माझ्या नावाच्या सगळ्या पार्ट टू ऑर्डरच्या प्रती, आणि अटॅचमेंटच्या नोंदी, असं लिहा. पानामागे 2 रुपये लागतात. उत्तराची मुदत 30 दिवस. कागद स्वतःचे आहेत, त्यामुळे खासगी माहितीचं कारण तुम्हाला लागू होत नाही. कागद आले की हॉस्पिटल, कोर्स, रजेवरून परत हजर झाल्याच्या नोंदी शोधा. जागा आणि तारीख सांगणारी कुठलीही नोंद चालते. मग अर्ज करा, त्या नोंदीचा नंबर घालून, स्पीड पोस्टने. समक्ष जायचं ते यानंतर, आणि गरज पडलीच तर.

जे पेन्शनवर आले नाहीत, मध्येच सुटले, त्यांनी घाई करावी. नॉन-पेन्शनरचे कागद 25 वर्षांनी नष्ट करतात. मागे लाँग रोल नावाची नोंदवही उरते, त्यात माणसामागे दोन-चार ओळी असतात.

डिस्चार्ज बुक पोस्टाने पाठवू नका, कुणीही कितीही सांगो. झेरॉक्स पाठवा, मूळ फक्त समक्ष द्या आणि ठेवून घेतलं तर पावती घ्या. स्पर्शवर तक्रार टाकून उपयोग नाही. ते पेन्शनचं पोर्टल आहे, मेडलशी त्याचा संबंध नाही. सीपीग्राम्सवर, केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर, टाका, तिथे तक्रार नंबर पडतो आणि उत्तर द्यावंच लागतं. उत्तर मनासारखं येईल असं नाही.

पैशांच्या आशेने कुणी या भानगडीत पडू नये. दरमहा भत्ता आहे तो शौर्य पदकांना: 2017 च्या वाढीनंतर शौर्यासाठीच्या सेना मेडलला 2,000, वीर चक्राला 7,000. सर्व्हिस मेडलला एक रुपया नाही. ज्यांचं शौर्य पदक नोंदीतून सुटलंय त्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी वकील करावा. आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचं, म्हणजे फौजींच्या न्यायाधिकरणाचं, खंडपीठ मुंबईत आहे. आधी लेखी अर्ज केलेला असला पाहिजे, आणि नकार आला की सहा महिन्यांच्या आत जावं लागतं. सर्व्हिस मेडलसाठी ट्रिब्युनल मला परवडलं नसतं.

माझा श्रीलंकेचा क्लेम मलेरियाच्या ऑर्डरसह पलटणीकडे गेलाय, तसं पत्र आलंय. ते मंजूर होऊन ऑर्डर छापली गेली की बुकात चढेल. प्रत्यक्ष मेडल हातात यायला वेळ लागतो, 20 वर्षांचंही अजून आलेलं नाही. कॅन्टोन्मेंटच्या दुकानांतून विकत मिळतं, आणि नोकरीत असताना आपण सगळ्यांनीच परेडसाठी तिथून घेतलंय. बुकात चढलेलं असेल तर दुकानातलं लावायला हरकत नाही. चढलेलं नसेल तर 15 ऑगस्टला गावात लावू नका, कुणीतरी विचारतंच.

आणि माहिती अधिकाराचं उत्तर अर्धवट आलं तर पहिलं अपील 30 दिवसांत, त्याला फी नाही. मुदत उत्तर हाती पडल्यापासून धरतात, तेव्हा लिफाफा फेकू नका, पोस्टाचा शिक्का दिसेल असा फाइलला लावून ठेवा.